तेराव्या दिवशी काठावर

मी एक डबा बोलतोय. जेवणाचा नव्हे, दळणाचा नव्हे, लाडवांचा तर नाहीच नाही. पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला बांधतात ना, तो डबा. निमगाव केतकीच्या शिवारात, पानमळ्यांच्या पलीकडे शकुबाईची वस्ती आहे. तिथल्या विहिरीवर मोटारीची एक बुटकी खोली आहे. तिच्या दारालगत बाहेरच्या भिंतीला खुंटी आहे आणि त्या खुंटीला मी टांगलेला असतो. मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, हे अजून भंगारात कसं गेलं नाही? मीही तेच म्हणतो.

माझ्या अंगावर कथलाचे चार डाग आहेत. पत्रा सांधायला कारागीर देतो, तसले. दोन माझ्या जन्माचे आणि दोन गेल्या उन्हाळ्यातले. त्या शेवटच्या दोन डागांनी माझं आयुष्य वाढवलं. कुणाचं आयुष्य वाढल्याचं इतकं दुःख मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मी मूळचा गोडेतेलाचा, पाच किलोचा. शकुबाईच्या नवऱ्याने, म्हणजे अप्पांनी, लग्नसराईत मला बारामतीहून आणलं. तेल संपलं. माझ्याबरोबरच्या एका डब्यात तूरडाळ भरली, दुसऱ्यात तुळस लावली. मला मात्र शकुबाईने राखेने घासलं, कढत पाण्याने धुतलं आणि बाजारच्या दिवशी डाग देणाऱ्याकडे नेलं. त्याने माझं तोंड पत्र्याची चकती लावून कायमचं बंद केलं. हा पहिला डाग. दुसरा पाठीवरच्या कडीपाशी, दोर ओवायला. तोंड बंद झालेल्याला आतल्या आत बोलायची सवय लागते. तेव्हापासून आजवर मी आतल्या आतच बोलत आलो.

शकुबाई अंथुर्ण्याची लेक. पोहण्यात अशी पटाईत की नऊवारीचा काचा मारून ती विहिरीच्या तळाची घागर काढून आणायची. सासरी आली तेव्हा शेजारच्या दोन पोरांना शिकवलं, मग त्यांच्या भावंडांना, आणि पुढे उन्हाळा लागला की सगळ्या वस्त्यांवरची पोरंपोरी तिच्या विहिरीवर जमू लागली. तिची रीत ठरलेली होती. बारा दिवस डबा. पहिल्या दिवशी मला पाठीला गच्च आवळायची, आणि मग रोज गाठ एक बोट सैल करायची. पोराला पत्ताही लागायचा नाही. बाराव्या दिवशी मी नुसता नावाला मागे तरंगत असायचो. तेराव्या दिवशी ती दोर सोडायची, मला काठावर ठेवायची आणि पोराच्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "जा."

वस्तीवरच्या म्हाताऱ्या नावं ठेवायच्या, चौदा कर पण तेरावा दिवस कशाला, लेकरांच्या बाबतीत असला शब्द बरा नव्हे. त्यावर शकुबाई हसायची. "तेरावा हाय त्यो डब्याचा हाय, पोराचा न्हाय," म्हणायची.

प्रत्येक पोर तेराव्या दिवशी थोडं बुडायचंच. नाकातोंडात पाणी जायचं, डोळे पांढरे व्हायचे, ते रडत पायरीला यायचं. शकुबाई जागची हलायची नाही. पाणी प्यायल्याशिवाय पवणं येत न्हाय, हे तिचं ठेवणीतलं वाक्य. दुसऱ्या वेळी पोर तरायचं, तिसऱ्या वेळी ओरडत सूर मारायचं. आणि मी काठावर. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, तसं. शे-दीडशे पोरं माझ्या जिवावर शिकली, पण तेराव्या दिवसानंतर एकानेही वळून माझ्याकडे पाहिलं नाही. कुणी पुढे नर्स झालं, कुणी फौजेत गेलं, एक पोरगी म्हणे जहाजावर नोकरीला आहे. मला तेव्हा फार राग यायचा. कृतघ्न आहेत मेले, असं मी खुंटीवर लटकून स्वतःशी म्हणायचो. माझी अक्कल तेवढीच होती.

मग युवराजचा उन्हाळा आला.

युवराज शकुबाईचा एकुलता एक मुलगा. दोन मुलींच्या पाठीवर झालेला, नवसाचा. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. त्याच्या बरोबरीने बौद्धवाड्यातला समाधान शिकायला यायचा. दोघं एका वर्गातले. समाधानला विहिरीत घेतलं म्हणून भावकीतल्या एकाने नाक मुरडलं होतं. शकुबाईने त्याला सांगितलं की मला त्याला पोहायला शिकवायचंय, तुम्हाला बुडवायचं न्हाय. तो पुन्हा विहिरीकडे फिरकला नाही.

बारा दिवस झाले. तेराव्या दिवशी आधी समाधान. बुडाला, पाणी प्याला, खोकला, पुन्हा उतरला आणि तरला. मग युवराज. तोही तसाच बुडाला, अगदी तसाच, रेसभरही जास्त नाही. मी काठावरून पाहत होतो. पण शकुबाई नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात पडली. पोराला छातीशी धरून वर आली. ती इतकी थरथरत होती की पोरापेक्षा तिलाच हुडहुडी भरली आहे असं वाटावं. दीडशे पोरांना तिने सांगितलेलं वाक्य तिच्या तोंडून निघालं नाही. ती वेगळंच बोलली.

"ऱ्हाऊ दे. अजून आठ दिस बांधू."

आणि तिने मला उचललं, पुन्हा त्याच्या पाठीला लावलं, आणि पहिल्या दिवसासारखी गच्च गाठ मारली.

मी खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा तेराव्या दिवशी मी कुणाच्या तरी पाठीवर होतो. शेवटी एक गुणाचं पोर भेटलं, असं मला वाटलं. माझी किंमत कळणारं.

ते आठ दिवस अजून संपलेले नाहीत.

दरवर्षी उन्हाळा यायचा, नवी पोरं यायची, शिकायची, जायची. त्यांच्यासाठी शकुबाईने दुसरा डबा करून घेतला, कारण मी आता युवराजचा होतो. पोरं त्याला 'डबडं' म्हणून चिडवायची. मग तो भर दुपारी, विहिरीवर कुणी नसताना उतरू लागला. मिसरूड फुटली तरी मी पाठीवर होतोच. दोर कुजला की नवा यायचा. गाठ मात्र कधीच सैल झाली नाही, कारण ती सैल करण्याचं काम ज्या हातांचं होतं, तेच हात ती आवळत होते.

खुंटीवरून मला विहीर दिसते, अंगण दिसतं आणि घराचा ओटा दिसतो. बाकीचं बायका धुणं धुताना बोलतात, ते ऐकू येतं. त्यामुळे मला सगळं ठाऊक आहे. बारावीनंतर युवराज आणि समाधान दोघांचाही नंबर बारामतीला लागला, दुधाच्या पदार्थांचं शिक्षण देणाऱ्या एका कॉलेजात. दोघं एकाच गाडीने गेले. चौथ्या दिवशी युवराज एकटाच परत आला, खांद्यावर गादीची वळकटी घेऊन. तितं करमत न्हाय, एवढंच म्हणाला. बारामती म्हणजे काही परमुलूख नव्हे, गाडीत बसलं की तासा-सव्वातासात माणूस पोचतो. अप्पा चिडले. शकुबाईने मात्र दारातच त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि त्याला आवडते म्हणून शेंगोळी केली. तिचा चेहरा मी पाहिला. पोर बुडता बुडता वाचल्यावर होता, तसाच होता.

पुढे अप्पा गेले. युवराजने गावातलं दूध संकलन केंद्र चालवायला घेतलं. सकाळी दूध मोजायचं, संध्याकाळी दूध मोजायचं. एका बाबतीत त्याला तोड नव्हती. लोक सांगतात, नुसत्या वासावरून तो दुधात किती पाणी आहे ते ओळखतो आणि नंतर मशीन तोच आकडा दाखवतं. असा माणूस पंधरा वर्षं एका खुर्चीत बसला. त्याचा चहाचा पेला ठरलेला, ओट्यावरची बसायची जागा ठरलेली, गाडी लावायचं झाडही ठरलेलं. एकदा त्याच्या बायकोने, सुप्रियाने, त्याची बाज अंगणात दुसरीकडे टाकली, तर रात्रभर झोप लागली नाही म्हणून सकाळी तो तिच्यावर रुसला होता. माणसं दुःखाला चिकटून राहतात असं म्हणतात. मी पाहिलेली माणसं सुखाला जास्त चिकटतात, आणि तेही बेताच्याच सुखाला.

ही सुप्रिया कष्टाळू आणि धीट. सांगवीची, नीरेच्या काठावर वाढलेली, बी. कॉम. झालेली. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तिने पदर खोचला आणि कठड्यावरून असा सूर मारला की शकुबाई टाळ्या पिटून हसली. युवराज त्या वेळी माझ्यासमोर उभा होता. म्हणजे मी दिसू नये म्हणून माझ्या पुढ्यात उभा होता.

पण असं किती दिवस लपणार? मोटारीच्या पाइपाला तळाशी एक झडप असते, तिच्यात गाळ अडकला की मोटार पाणी ओढत नाही. मग कुणाला तरी पाण्यात उतरून, पाइप वर उचलून ती झडप मोकळी करावी लागते. ते काम युवराजचं. एका दुपारी सुप्रिया जेवायला बोलवायला आली आणि पाहते तर काय, तीस वर्षांचा नवरा पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत. ती हसली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पायऱ्या उतरून शेवटच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "मी धरते तुमाला. सोडा त्यो."

"कामं पडल्यात," युवराज म्हणाला. "खेळायला येळ न्हाय."

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. मला वाटलं, मी जिंकलो. अजूनही मी असाच मूर्खासारखा विचार करत होतो.

माझे डोळे गेल्या वर्षी उघडले. समाधान चारचाकी घेऊन वस्तीवर आला. बारामतीला त्याने पनीर आणि खव्याचा कारखाना टाकला होता. रोज गावोगावचं दूध येतं, ते पारखायला विश्वासाचा आणि जाणता माणूस हवा होता. ओट्यावर बसून त्याने सगळं नीट सांगितलं. राहायला खोल्या होत्या, छकुलीला जवळच चांगली शाळा होती. छकुली म्हणजे युवराजची मुलगी, सात वर्षांची. सुप्रियाही हिशेब-कागद सांभाळू शकली असती. आणि युवराज पुढे शिकला, यंत्रं समजून घेतली, तर दोन वर्षांत अख्खा विभाग त्याच्या हातात देईन, असं समाधान म्हणाला.

"तुझ्यासारखा दुधातला माणूस या दोन तालुक्यात न्हाय, युवराज. हितं बसून तू कुजायला लागलास."

युवराज म्हणाला, "बघू."

हे 'बघू' मी नंतर फार ऐकलं. दिवाळी झाल्यावर बघू. संक्रांत होऊ दे, मग बघू. आईचे गुडघे जरा बरे होऊ देत, मग बघू. खरं म्हणजे आईच त्याला जा म्हणत होती. समाधान आला त्या दिवशी ती ओट्याच्या कोपऱ्यात शेंगा फोडत बसली होती. कुजायला लागलास, हा शब्द समाधानने उच्चारला तेव्हा तिचा हात थांबला आणि तिने मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्यानंतर ती त्याला रोज काहीबाही सांगायची. पालथ्या घड्यावर पाणी. तो ऐकून घ्यायचा, हो म्हणायचा आणि वेळ झाली की केंद्रावर जायचा. सुप्रिया आधी समजावत होती, मग भांडली, मग गप्प झाली. समाधानने एक जूनपर्यंत वाट पाहतो म्हणून कळवलं. मे महिना निम्मा सरला होता.

एका दुपारी घरात कुणी नसताना शकुबाई भिंतीला धरत धरत मोटारीच्या खोलीपाशी आली. एका हातात दोन इंची खिळा, दुसऱ्या हातात दगड. माझ्याखाली धापा टाकत बसली. मला खुंटीवरून काढून मांडीवर घेतलं. तिच्या मांडीवर मी शेवटचा कधी होतो, तर डाग देणाऱ्याकडे जाताना.

"तुझा काय दोष न्हाय बाबा," ती मला म्हणाली. "तेरावा दिस माझ्या हातनं ऱ्हायला."

तिने खिळा लावला आणि दगड मारला. एक भोक खालच्या कोपऱ्यात, एक वरच्या. दुखलं का, तर दुखलं. पण त्या दोन भोकांतून किती तरी वर्षांचा कोंडलेला वारा बाहेर पडला आणि मला पहिल्यांदा मोकळं वाटलं. शे-दीडशे पोरं मला काठावर सोडून गेली, ते माझं अपयश नव्हतं, तीच माझी कमाई होती, हे मला तिच्या मांडीवर कळलं. मला न सोडणारा एकच होता आणि त्याचं आम्ही दोघांनी मिळून वाटोळं केलं होतं. तिने भीतीपोटी, मी मोठेपणापोटी.

चारच दिवसांत मोटार पाणी ओढेना. शकुबाईने सुप्रियाला सांगितलं की आज धुणं विहिरीवरच धू आणि तुझी नजर पाण्यावर असू दे. स्वतः वरच्या पायरीवर येऊन बसली, छकुलीला शेजारी घेऊन. युवराज आला. त्याने मला खुंटीवरून काढलं, पाठीला लावलं, गाठ मारली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सवयीच्या माणसाला डोळे असून नसल्यासारखेच. बोटाएवढ्या अंतरावरची भोकं त्याला दिसली नाहीत.

तो उतरला. झडपेपाशी गेला, गाळ काढू लागला. माझ्यात पाणी शिरू लागलं. खालून पाणी आत, वरून वारा बाहेर. थोड्याच वेळात मी काठोकाठ भरलो आणि त्याच्या कमरेखाली लोंबकळू लागलो. तो पोहत होता. या टोकाकडून त्या टोकाकडे गेला, पाइपाला धरून वाकला, पुन्हा आला. मधेच त्याला मी जड लागलो असणार, कारण त्याने एकदा खांदा उडवला. मी त्याला धरलं नव्हतं, तोच मला ओढत होता. कोण जाणे, किती वर्षं असं चाललं होतं.

काम संपवून तो पायरीला आला आणि पाण्यातून वर निघताना मी त्याला मागे खेचलं. त्याने पाठीमागे हात नेला. माझ्या दोन्ही भोकांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. सुप्रियाच्या हातातलं कापड तसंच राहिलं. छकुली उभी राहून नाचायला लागली, पप्पाला पवायला येतं म्हणून.

"डबा कवाचाच बुडलाय, युवराज," शकुबाई म्हणाली. "तुझा तू पवत व्हतास."

तो ओल्या अंगाने पायरीवर बसला. भोकं कुणी पाडली, हे त्याने विचारलं नाही. धारा बारीक होत होत थांबल्या. मग तो उठला, मला खुंटीला टांगलं आणि सुप्रियाला म्हणाला की सकाळी पांढरा शर्ट काढून ठेव, जरा जाऊन येतो. सुप्रियाने समाधानला तिथूनच फोन लावला. तिचा आवाज मी इतका मोकळा कधी ऐकला नव्हता. शकुबाई पायरीवर बसल्या बसल्या रडत होती आणि पदराने डोळे पुसत छकुलीला सांगत होती, काही न्हाय, डोळ्यात पाणी उडालं.

सकाळी युवराज इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. ओट्यावरून दोघी बघत होत्या. गाडी काढताना तो मोटारीच्या खोलीकडे आला, मला खुंटीवरून काढलं आणि पिशवीत घातलं. मला वाटलं, वाटेत कुठंतरी पाटात फेकून देणार. योग्यच आहे, म्हटलं. मी मनाशी सगळ्यांचा निरोप घेतला.

गाडी फार लांब गेलीच नाही. पिशवीतून मला बाहेर काढलं तेव्हा मी निमगावच्या बाजारात होतो, त्याच पाराजवळ, जिथे माझं तोंड बंद झालं होतं. आता तिथे जुन्या कारागिराचा मुलगा बसतो, तोही म्हातारा झालाय. त्याने मला उलटंपालटं केलं आणि चष्म्यावरून युवराजकडे पाहिलं.

"आता कोण डाग मारून घेतंय, पाव्हणं? टाकून द्या. प्लॅस्टिकचा कॅन घ्या की."

"न्हाय," युवराज म्हणाला. "ह्योच पायजे. दोन्ही भोकं बुजवा."

तापलेल्या लोखंडाने माझ्या अंगावर कथील वितळवलं. जन्माच्या डागांचे चटके मला आठवत नाहीत. या दोन डागांचे आठवतात. त्या दोन भोकांतून मी जेमतेम आठवडाभर श्वास घेतला असेन.

दुपार व्हायच्या आत आम्ही परत वस्तीवर. सुप्रिया पुढे आली, कसं झालं विचारायला. तिने पिशवी पाहिली. पिशवीतून माझी कडी बाहेर डोकावत होती. ती आत गेली आणि ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

शकुबाईला मात्र राहवलं नाही. ती ओट्यावरून उतरून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने विचारलं, काल एवढं दिसलं, तरी तुला अजून भ्या वाटतं का रे?

"भ्या कसलं?" युवराज म्हणाला. रागावला नव्हता, शांत होता. "मला पवायला येतं, आई. आठवीत व्हतो तवापासनं येतंय. मला ठाव हाय."

"मग?"

"पर डबा असलेला बरा असतो."

असं म्हणून त्याने मला खुंटीला टांगलं, गाडी रोजच्या झाडाखाली लावली आणि केंद्राची वेळ झाली म्हणून निघून गेला. शकुबाई अंगणात तशीच उभी राहिली. पोराला पोहता येत नाही म्हणून ती इतकी वर्षं आवळत राहिली आणि पोर पोहता येत असूनही बांधून घेत राहिलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ दर दोन वर्षांनी नवा यायचा.

एक जूनला समाधानची चारचाकी आली. सुप्रिया आणि छकुली गेल्या. दूध पारखायची जागा समाधानने सुप्रियाला दिली, वासाऐवजी मशीनवर. तिने म्हणे आता रात्रीचा अभ्यासक्रमही घेतलाय, यंत्रांचा. निघताना छकुली हट्ट धरून बसली होती, डबा न्यायचा, मला पवायला शिकायचंय. सुप्रियाने तिला गाडीत बसवलं. मी हातावर धरीन तुला, म्हणाली, बारा दिस. युवराज गाडीपर्यंत पोचवायला गेला. दिवाळी झाली की येतोच, असं त्याने छकुलीला सांगितलं.

दिवाळी झाली. तो गेला नाही. सुट्टीत छकुलीच आली. विहीर तुडुंब भरलेली होती. पोरगी कठड्यावर उभी राहिली, आणि युवराज घाईघाईने मोटारीच्या खोलीकडे धावला, मला काढलं आणि दोर सोडवत तिच्याकडे गेला. आधी डबा बांध, मग जा, म्हणाला. मी देवाला कधी काही मागितलं नव्हतं, त्या दिवशी मागितलं.

छकुलीने माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

"पप्पा, ह्यो तुमचा हाय," ती म्हणाली आणि तिने सूर मारला.

युवराज कठड्यावर उभा होता. दोर हातात, मी दोराला. ती वर आली, हसली, पुन्हा खाली गेली. तो खूप वेळ तिच्याकडे बघत राहिला. मला क्षणभर वाटलं की आता हा मला खाली ठेवेल. त्याने दोर नीट गुंडाळला आणि मला खुंटीला लावलं.

शकुबाई आता अंथरुणाला खिळली आहे. तिच्याच्याने विहिरीपर्यंत येववत नाही. माझे चारही डाग पक्के आहेत. कारागीर चांगला निघाला. अजून वीस वर्षं मी सहज टिकेन, आणि मला त्याचीच भीती वाटते.

तुम्ही कधी या बाजूला आलात, तर पानमळ्यांच्या पलीकडची वस्ती कुणीही दाखवेल. मोटारीच्या खोलीला कुलूप नसतं आणि मी तर बाहेरच आहे. दुपारी तिथं कुणी नसतं, युवराज केंद्रावर असतो. येताना एक खिळा तेवढा घेऊन या. दगड इथे पुष्कळ आहेत.